‘एम’ अक्षरातली खिडकी

ही थाप नाही. खोटं वाटत असेल त्याने इथंच थांबावं. हे घडलं माझ्या आईच्या आईच्या, अफ्राआजीच्या बाबतीत, आमच्याच ऑग्सबर्ग शहरात, संत मार्टिनच्या सणाच्या संध्याकाळी.

आजोबा सिक्स्ट छापखानेवाले. पानाच्या सुरुवातीचं नक्षीदार मोठं अक्षर लाकडात कोरायला त्यांनी लिएनहार्ट नावाचा म्हातारा ठेवला होता. त्याचा हात थरथरू लागला तसं त्याला हाकलून दिलं. ठसे मात्र ठेवून घेतले.

दारात तो थुंकला. “माझी अक्षरं ठेवतोस? मग मीही इथंच राहीन.”

थंडीत तो मेला. आजोबा म्हणाले, ब्याद टळली.

सणाच्या त्या संध्याकाळी नवराबायकोने त्याचा ‘एम’ छापायला घेतला. त्यात आमचंच घर कोरलेलं, माडीवर दोन खिडक्या. पहिला कागद निघाला...

डाव्या खिडकीखाली एक माणूस उभा होता.

हा कुठून उपटला, म्हणून आजोबा चिडले. दुसरा कागद काढला.

माणूस खिडकीपर्यंत चढला होता.

तिसऱ्यात तो नव्हताच... खिडकी उघडी होती.

आणि माडीवरून आवाज आला. खर्र... खर्र... लाकडावर कोरणी चालावी तसा.

माडीवर डाव्या खोलीत अफ्राची थोरली मुलगी व्हेरोनिका तापाने फणफणली होती, सारखी खोकत होती. अफ्राने धावत जाऊन पोरीला उचललं, उजव्या खोलीत निजवलं, दार लावून घेतलं. स्वतः कुऱ्हाड घेऊन डाव्या खिडकीशी उभी राहिली. येऊ दे मेल्याला, आज त्याचा निकालच लावते.

कुणी आलं नाही. खरखर थांबली.

मग तिच्या लक्षात आलं... पोरीचा खोकलाही थांबलाय.

खालून आजोबांची घोगरी हाक आली. “अफ्रा, अगं ठसा उलटा छापतो ना! त्याने ठशावर घर सरळच कोरलंय. कागदावरची डावी म्हणजे खरी उजवी. ‘एम’ उलटला तरी ‘एम’च, म्हणून कळलं नाही. पोरीला उजवीकडे नेऊ नकोस!”

जन्म छपाईत गेलेला, पण भीतीने दोघांचीही अक्कल गहाण पडली होती.

उजव्या खोलीतलं अंथरूण अजून गरम होतं. त्यावर लाकडाचा ताजा भुसा होता.

व्हेरोनिका नव्हती.

ती पुन्हा कुणाला दिसली नाही. आज तो ठसा माझ्याकडे आहे. लोक म्हणतात, चुलीत घाल, पीडा जाईल. त्या थेरड्याचा मलाही संताप येतो. कितीदा चुलीपाशी गेलो.

पण ठशावरच्या उजव्या खिडकीत आता एक लहान मुलगी उभी आहे...

सांगा, मावशीला कसं जाळू?