पल्याडच्या काठावरची बेबा

ही ऐकीव गोष्ट नाही, पोरांनो. शेजारच्या घरातली आहे. ते दार मी माझ्या खांद्यानं तोडलंय. डिंपल, इकडे सरकून बस. हं.

गेल्या वर्षीची मार्गशीर्ष अमावास्या. आमच्या देवपुरातली कामिनी आणि तिच्या वर्गातले दोघं, हितेंद्र आणि मोहिनी, अभ्यासाच्या कामाला निघाले होते. बी.ए.ला लोकसाहित्याचा पेपर. दुसऱ्या दिवशी एका गाण्यावर वर्गात बोलायचं होतं. सर म्हणाले होते, गाणं जिथलं आहे तिथं जाऊन म्हणून बघा, मग बोला.

गाणं कामिनीच्या आजीचं, भिकुबाईचं. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, बारचं. तुम्हाला बार माहीत नसेल. माहेरी आलेल्या पोरी नव्या हिरव्या बांगड्या भरून, गौराई घेऊन नदीवर जायच्या. अल्याड एक गाव, पल्याड दुसरं. गाण्यातून एकमेकींना शिव्या, शिव्या संपल्या की दगड. दिवस मावळला की हसत घरी. गाण्यात एक जागा मोकळी असायची. तिथं समोरच्या पोरीचं नाव घालायचं. जिचं नाव घेतलं, तिनं काठावर यायचं आणि उत्तर द्यायचं. तसा रिवाजच होता. आखाजीचा दिवस सोडून मात्र ते गाणं कुणी तोंडात घेत नसे.

भिकुबाईनं नातीला गाणं दिलं, पण नाव दिलं नाही. "ती जागा मोकळीच ऱ्हाऊ दे," एवढंच म्हणाली.

संध्याकाळी तिघं कामिनीच्या ओट्यावर चर्चा करत बसले होते. मी इथून ऐकत होतो.

"शिवी आहे, पण कुणाला ते नाही," हितेंद्र म्हणाला. "पत्ता नसलेलं पाकीट आहे हे. सर मलाच उभं करतील."

"मग तुझंच नाव घालू," मोहिनी म्हणाली. "ये वं हितेंद्राबाई काठवर!"

हसून हसून लोळले तिघं. मग कामिनी म्हणाली, "आजी झोपेत एक नाव घेते. बेबा."

"घाल. चालीत बसतंय," हितेंद्र म्हणाला.

कामिनीचे आई-वडील भुसावळला लग्नाला गेले होते. आजीला जेवू घालून ती निघाली. दोघी स्कूटीवर, हितेंद्र मोटारसायकलवर. भिकुबाईचं माहेर पांझरा नदीच्या काठी. दिवसा तिथं वाळूच्या ट्रॅक्टरांचा गोंगाट, म्हणून रात्र निवडली. पल्याडचं गाव पुरानंतर वर सरकलेलं. काठाला नुसत्या बाभळी. तिथलं सगळं कामिनीनं नंतर मला सांगितलं.

हितेंद्रनं मोबाइल धरला. कामिनीनं गळा मोकळा केला.

"ये वं बेबा काठवर, तुनी येनी वढसू मी!" म्हणजे, तुझी वेणी ओढीन मी.

पाणी वाहत होतं. बाकी काही नाही.

"अजून एकदा," हितेंद्र म्हणाला. "जरा रागानं म्हण."

ती रागानं म्हणाली.

पहिला दगड पाण्यात पडला. दुसरा वाळूत.

"ए, कोण आहे रे तिकडे? चेष्टा करता का?" हितेंद्रनं टॉर्च मारली. उजेडात बाभळी दिसल्या. माणूस नव्हता. तिसरा दगड त्याच्या तोंडावर बसला. तो खाली बसला, आणि ओंजळीत रक्ताबरोबर दात आले.

मग पल्याडून गाणं आलं. तीच चाल. कोवळा आवाज. दहा-बारा वर्षांच्या पोरीचा.

"उनू वं, उनू... कोनं लिधं मनं नाव?" आले गं, आले, कुणी घेतलं माझं नाव?

मोहिनी पळाली. दगड तिच्या पाठीत बसला. ती पडली. पुढचा डोळ्यावर. ती ओरडली. आणखी एक. आणखी एक. अंधारात नेम चुकत नव्हता.

कामिनी स्कूटीच्या आडोशाला बसली. घरी फोन लावला.

"आजी, दगड मारतंय कोणीतरी. मोहिनी मरेल, आजी!"

"नाव लिधं का तू?"

"...हो."

"बेबानं नाव?"

"हो."

फोनमध्ये खाट करकरली.

"तिले मनाच दगड लागेल व्हता," भिकुबाई म्हणाली. तिचा स्वतःचा दगड. "कपायवर. बारमा. पोर घर गयीच नही." मग म्हणाली, "आते त्या जागावर मनं नाव घाल. भिकु म्हन."

"नाही, आजी."

"म्हन, माय."

"नाही म्हणते ना मी!"

मोहिनीचं ओरडणं थांबलं. दगड थांबले नाहीत. मऊ वस्तूवर पडावेत तसे आवाज.

कामिनी उभी राहिली. फोन हातात तसाच चालू. तिनं डोळे मिटले.

"ये वं भिकु काठवर..."

दगड थांबले.

नदी... बाभळी... काही नाही.

आणि फोनमध्ये आवाज आला. ठप्.

"आजी?"

ठप्.

"आजी!"

ठप्... ठप्...

मग फोनमध्येही काही नाही.

मोहिनी वाचली. एक डोळा गेला. दोघांना दवाखान्यात पोचवून कामिनी घरी आली तेव्हा दाराला आतून कडी होती. तिनं मला हाक मारली. मी दार तोडलं.

भिकुबाई खाटेजवळ पडली होती. कपाळाचं हाड आत गेलेलं. भिंतीवर रक्त. खिडक्या बंद. खोलीत दगड नव्हता... एकही नव्हता. पोलिसांनी घर पालथं घातलं. त्यांना काय सापडणार?

पण बायका तिला न्हाऊ घालायला बसल्या आणि थबकल्या. भिकुबाईला विधवा होऊन किती वर्षं झाली असतील. हात कायम उघडे. त्या दिवशी उजव्या मनगटात हिरवी बांगडी होती. दहा-बारा वर्षांच्या पोरीच्या मापाची. मनगटात रुतलेली. साबण लावला, तेल लावलं, पंजावरून निघेना. एकीनं वरवंट्यानं ठोकली. फुटली नाही. शेवटी तशीच नेली तिला.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला मी होतो. कामिनी बाजूला उभी होती. मी राखेत हात घातला, आणि बांगडी हाताला लागली. अख्खी.

राख अजून कोमट होती.

बांगडी ओली होती.