उलटी धरलेली पाटी

ऑगस्टच्या सुट्टीत सगळं रोम समुद्रावर गेलं होतं. भर दुपारी गल्लीत चिटपाखरू नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या संकलनाच्या खोलीत मात्र लोरेदाना जाड पडदे ओढून बसली होती. फिल्म चिकटवायच्या द्रावाचा उग्र वास, आणि मशीनची एकसुरी घरघर.

पोलंडमध्ये चित्रपटकला शिकून ती वर्षापूर्वी परतली होती. कॅमेऱ्याने खोटं बोलू नये, यासाठी तिथे ती मित्रांशी भांडायची. इथे काम मिळालं ते बास्तियानींकडे. जगभरातले मृत्यू जमवून ते चित्रपट काढत. काही खरे, काही नटांकडून करून घेतलेले. कुठले खरे, कुठले केलेले, ते कधी सांगत नसत. सगळे त्यांना आदराने 'दोत्तोरे' म्हणत.

"खटल्यासाठी न्यायाधीशांना कागद हवाय," सोमवारी ते म्हणाले होते. "भिंतीपुढच्या माणसाचा शॉट खरा की बनवलेला? 'बनवलेला' लिही, सही कर, आणि जा पोहायला."

"पण त्याला खरंच गोळ्या घातल्यात, दोत्तोरे. तो मेलाय."

"मग तक्रार करायला थोडाच येतोय! अगं, खरा म्हटलंस तर चित्रपट जप्त. तू घरी, मी तुरुंगात. आली मोठी पोलंडची संत!"

बनवलेल्या शॉटला क्लॅपची पाटी असते, टेकचा आकडा लिहून कॅमेऱ्यापुढे वाजवायची; एका युद्धातून विकत घेतलेल्या या तुकड्याला नव्हती. म्हणून तो बनवलेला वाटावा यासाठी अंगणात लोरेदानाने ती स्वतः चित्रित केली. खडूने 'टेक १' लिहिलं आणि पाटी उलटी धरून वाजवली. शॉटच्या शेवटी क्लॅप घ्यायचा तर पाटी उलटीच धरतात. ते युद्ध लोकांनी पाहायलाच हवं, त्यासाठी एवढं खोटं चालेल, अशी तिने मनाची समजूत घातली होती.

आज तो तुकडा जोडून तिने मशीन सुरू केलं. कोरा कागद शेजारीच होता.

अनवाणी माणूस भिंतीपुढे उभा राहिला. हादरला. कोसळला. मग तिचा हात, उलटी पाटी. फिल्म इथे संपायला हवी होती.

संपली नाही.

माणूस हळूच उठला. गुडघ्यांवरची धूळ झटकली. आणि कॅमेऱ्याकडे पाहिलं... नट पाहतात तसं. जमलं का, असं विचारत.

मग निमूटपणे भिंतीपुढे जाऊन उभा राहिला.

पुन्हा हादरला. पुन्हा कोसळला. पाटी पुन्हा आली. 'टेक २'. आकडा तिच्या अक्षरातला नव्हता.

तिने मशीन बंद केलं. जोड उचकटून तिने क्लॅपचा तुकडा कापून टाकला, आणि कागदावर लिहिलं : खरा मृत्यू. खाली सही केली.

तेवढ्यात खांद्यावर टॉवेल टाकून बास्तियानी आले. कागद वाचून त्यांचा चेहरा लाल झाला.

"वेड लागलंय तुला?"

"तो पुन्हा पुन्हा मरतोय, दोत्तोरे... आपण त्याला नट केलं म्हणून. मला कामावरून काढा. पण त्याला पडून राहू द्या."

"उन्हाने डोकं फिरलंय तुझं. लाव, बघू."

तिने फिल्म लावली. माणूस हादरला, कोसळला. पडून राहिला. मशीन घरघरत होतं. तो हलला नाही. फिल्म संपली. लोरेदानाने रोखलेला श्वास सोडला.

"बघितलंत? मेलाय तो."

बास्तियानी मशीनवर वाकले. हळूच म्हणाले, "शेवटची चौकट... पुन्हा आण."

तिने आणली. धुळीत माणसाचा तळहात उघडा पडला होता. बोटं खडूने पांढरी झाली होती.

"हे आधी होतं?"

"नाही..."

दोघांनी एकदमच टेबलाकडे पाहिलं. तिने सकाळी ओल्या फडक्याने पुसून ठेवलेली पाटी तिथेच होती, पण उलटी. तिच्यावर खडूने लिहिलं होतं : टेक ३.