तुळसाबाईंच्या घरचे प्रेक्षक

क्षिप्राच्या संशोधनाची ऐट अशी, की ती टीव्हीकडे ढुंकूनही बघायची नाही. बघायची ती बघणाऱ्यांकडे. मालिका पाहताना माणसं कुठे हसतात, कुठे रडतात, यावर तिची पीएच.डी. चाललेली. टीव्हीच्या डोक्यावर छोटा कॅमेरा बसवायचा, आवाज नोंदवायचा नाही, आणि आपण तिथून चालू पडायचं. बाई समोर बसली की माणसं नाटकं करतात, हे तिचं ठाम मत. रेकॉर्डिंग मग नौपाड्यातल्या आपल्या खोलीत बसून पाहायचं.

तिचा हुकमी एक्का म्हणजे दिवा गावातलं तुळसाबाईंचं घर. तुळसाबाई, सासरे नाथाबाबा, मुलगा प्रफुल्ल, सून जागृती. चौघं एकाच क्षणी हसत, एकाच क्षणी डोळे पुसत. "असे प्रेक्षक मी उभ्या जन्मात पाहिले नाहीत," तिचे मार्गदर्शक गुरुदत्त सर भर चर्चासत्रात म्हणाले. क्षिप्राला आभाळ ठेंगणं झालं.

आता कोणत्या प्रसंगाला कोण हसलं, तेवढं जुळवायचं होतं. आणि नेमकं तेच जुळेना! मालिकेत तिरडी उठतेय, आणि इकडे नाथाबाबा मांडीवर थाप मारून हसतायत. तिने बाकीची चॅनेलं धुंडाळली. कुठेच मेळ बसेना. अख्खा प्रबंध याच घरावर उभा होता. हे घर गेलं तर सगळी वर्षं पाण्यात.

भर दुपारी ती दिव्याला पोचली.

"टीव्ही?" तुळसाबाई ओशाळल्या. "बाय, तो तं गणपतीपासून जललाय."

"अहो, मग सांगितलं का नाही?"

"कसा सांगणार? अख्ख्या गावातून तू आमचाच घर निवडलास. सगल्यांना सांगून झालेला. म्हटलं, रोज समोर बसू, तुजा काम अडाया नको."

क्षिप्राची कानशिलं तापली. म्हणजे नाटकच! पण चौघांचं नाटक असं एका क्षणाला कसं बसेल?

"मग हसायचात कशाला?"

"जो काय दिसायचा त्याला." तुळसाबाईंनी काळ्या पडद्याकडे बोट केलं. "तूच दिसायचीस. टेबलाशी बसून आमाला बगायचीस. पेन केसांत खोचून टेबलावर पेन शोधायचीस, तवा बाबा किती हसले!"

क्षिप्राचा हात आपोआप केसांकडे गेला.

"तुजी पदवी पन बगितली," तुळसाबाईंचा चेहरा उजळला. "अंगावर काला झगा, तुजे सर टाल्या वाजवतायत. आमी पन वाजवल्या. छाती अशी फुगली बग! आपली पोर डॉक्टर झाली!"

प्रबंध अजून लिहूनही झाला नव्हता.

"आणि मग?"

नाथाबाबा म्हणाले, "तिला च्या दे गो आधी."

"पुढे काय दिसतं, तुळसाबाई?"

"पुढं नुसती तुजी खोली," त्या हळूच म्हणाल्या. "तुजी आई रोज येते, तुजी रिकामी खुर्ची पुसते, डोळे पुसते आन् जाते."