माईची शेवटची चाल

आबा आपली चाल का करत नव्हते, हे कोडं शाल्मलीला काही केल्या सुटत नव्हतं.

चाल तर समोरच होती. आजऱ्याच्या घराच्या ओसरीवर बुद्धिबळाचा कापडी पट अंथरलेला. काळी-पांढरी घरं माईने, शाल्मलीच्या आजीने, स्वतः टाके घालून जोडलेली, मोहरे सावंतवाडीचे लाकडी. माईचा हत्ती आबांच्या उंटासमोर उघडा पडलेला. कुणीही म्हटलं असतं, मारा की! पण माई गेली त्याला वर्ष होत आलं, तरी आबांचा हात पटाकडे वळला नव्हता. ते रोज मोहऱ्यांवरची धूळ फुंकरीने उडवत, एवढंच.

आज मात्र त्यांनी ट्रंक उघडली.

"आबा, पट कशाला उचलताय?"

"गुंडाळून ठेवतो. किती दिवस असा पसारा?"

शाल्मली धावत आली आणि पटाला दोन्ही हातांनी कुंपण घालून बसली. "डाव पुरा झाल्याशिवाय पट उचलायचा नाही! माईचाच नियम होता ना?"

आबा ट्रंकेवरच टेकले. रोज दिवेलागणीला एकच चाल, हा त्या दोघांचा लग्नापासूनचा रिवाज. एक दिवस त्यांची, एक दिवस माईची. चुलीवर घनसाळ तांदळाचा भात रटरटायचा, त्याचा वास ओसरीभर पसरायचा, आणि पदराला हात पुसत माई यायची. चाल करताना ती ओवी रचायची. घोडा उडाला की घोड्याची, प्यादं पडलं की प्याद्याची. आबा हरत, पण ओव्यांवर खूश असत.

"शेवटच्या दिवशी तिला उठवतही नव्हतं," आबा हळू आवाजात म्हणाले. "मीच हट्ट केला. म्हटलं, चाल कर, बरं वाटेल. तिने हत्ती उचलला, माझं मधलं प्यादं मारलं आणि हत्ती माझ्या उंटाच्या तोंडी दिला. हत्तीसारखा हत्ती, एका प्याद्यासाठी! उभ्या जन्मात तिने असली चूक केली नव्हती, शमे. मी तिला खेळायला लावायला नको होतं. आता तो हत्ती मारायचा म्हणजे... तिची चूक पक्की करायची."

शाल्मलीला कोडं सुटलं. मग ती ठसक्यात म्हणाली, "चूक कशावरून? डुबक्याला विचारलंत?"

डुबक्या म्हणजे आबांनी ऐन तारुण्यात बनवलेला, चालींत खोल बुडी मारणारा यंत्रमानव. शाल्मलीचे बाबा लहानपणी त्याच्याशीच खेळले. आता मुलांच्या मनगटावरची यंत्रं क्षणात सांगतात, हा जिंकेल, तो हरेल. कसं ते विचारायची सोय नाही. डुबक्याचं तसं नव्हतं. पत्र्याचा, कुरकुरणारा, एक डोळा मिचमिचा. पण बोलून विचार करायचा. शाल्मलीने त्याला कोनाड्यातून काढलं, छपरावरच्या सौर पाट्यांची तार जोडली.

"नमस्कार! कोण पाण्यात ढकलतंय मला?" डुबक्या खरखरला.

"हा पट बघ. कोण पुढे आहे?"

मिचमिचा डोळा पटावरून फिरला. "आबांकडे राजा आणि एक प्यादं. माईंकडे राजा आणि हत्ती. माई चार गुणांनी पुढे!"

"बघा आबा! बघा!" शाल्मली नाचायलाच लागली.

आबा खिन्न हसले. "त्याला विचार, माझा उंट कुठाय."

"उंट नाही. एक सुपारी दिसते. खायची राहिली वाटतं."

शाल्मलीचं नाचणं थांबलं. खरा उंट कधीच हरवला होता, बाबांनी लहानपणी विहिरीत टाकला म्हणे. तेव्हापासून त्याच्या जागी सुपारी. घरच्यांना ती उंटच दिसायची, परक्याला मात्र सुपारी.

"अरे शहाण्या, तोच उंट आहे!"

"असं होय! मग आबा हत्ती मारणार. उंटाचे तीन गुण, प्याद्याचा एक. माईंकडे नुसता राजा. आबा चारने पुढे."

शाल्मली मटकन खाली बसली. पण हट्ट सोडीना. "अजून खोल जा."

"म्हणजे काय गं करतो तो, ठाऊक आहे?" आबांनी विचारलं. शिकवायची वेळ आली की त्यांचा आवाज आपोआप तरुण व्हायचा. "आपल्या विहिरीत पोरं उडी मारतात ना, तसा. मी ही चाल केली तर ती काय करेल, मग मी काय करेन, असं एकेका चालीने तो खाली उतरतो. याला शोधखोली म्हणतात (यंत्र किती चाली पुढचं पाहतं, ते माप). विहीर आपण परसांत मोजतो, एक परस म्हणजे एक पुरुष उंची. डुबक्याचा परस म्हणजे एक चाल."

"आणि तळाला काय सापडतं?"

"तळ लागतच नाही, हीच तर गंमत! चालींना फाटे फुटत जातात. दम संपला की तो थांबतो, तिथले मोहरे मोजतो आणि आकडा सांगतो. ते त्याचं मूल्यांकन (डाव कोणाकडे किती झुकलाय, याचा अंदाज). अंदाज बरं का, खात्री नव्हे. जितका खोल जाईल, तितका अंदाज भरवशाचा."

डुबक्या कुरकुरत उतरू लागला. "आठ परस... आबा सहाने पुढे! प्यादं पटाच्या कडेकडेने पळतंय, वजीर होणार, त्याचे दोन गुण जादा!"

आबांनी मान वळवली.

"सोळा परस... छे, चारने. प्याद्याच्या वाटेत, पार कोपऱ्यात, माईंचा राजा बसलाय. चोवीस परस... चारने. चाळीस परस..." बराच वेळ नुसती कुरकुर. "चारने."

"झालं?" आबा उठले. "हरलीच ती डाव."

"थांबा आबा," शाल्मली पटाकडे टक लावून म्हणाली. "तुम्ही जिंकणारच असाल, तर खोल गेल्यावर आकडा वाढायला नको? आधी प्याद्याचा वजीर, मग मात. हा चारवरच का अडकलाय?"

आबा उभ्याचे खाली बसले.

"डुबक्या, प्यादं पुढे का ढकलत नाहीस?"

"ढकललं, की माईंच्या राजाला शह बसत नाही आणि हलायला घरही उरत नाही. तसं झालं की डाव बरोबरीत. म्हणून नाही ढकलत. उंट इकडून तिकडे फिरवतो आणि चार गुण मोजतो."

"मग उंटाने त्या राजाला हुसकून लाव ना कोपऱ्यातून!"

"हा उंट फक्त पांढऱ्या घरांवरून चालतो. कोपरा काळा आहे."

टपालाचं ड्रोन काजूच्या झाडांवरून घरघरत गेलं. आबांचे ओठ हलले. माईने त्या संध्याकाळी, उशीवर मान टाकता टाकता गुणगुणलेल्या ओळी. तापातली बडबड समजून त्यांनी त्या कधी कुणाला सांगितल्याच नव्हत्या.

"दारीचा हत्ती गेला, जाऊ दे गं त्याची स्वारी,
राजा माझा निजायाला काळ्या माजघरी."

शाल्मलीचं बोट आपोआप पटाच्या काळ्या कोपऱ्यावर गेलं. माईचा राजा तिथून दोनच पावलांवर होता. "आबा, माजघर! मधलं प्यादं राहिलं असतं, तर दोन्ही प्यादी मिळून तुम्ही जिंकला असता. म्हणून तिने ते मारलं. हत्ती दिला आणि राजाला न मोडणारं घर दिलं. डाव बरोबरीत!"

"चाळीस परस," आबा पुटपुटले. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा पुसला. "आणि ती एका ओवीत उतरली. अगं, शेवटच्या दिवशीसुद्धा जिंकू नाही दिलंन मला!"

आणि ते हसले. वर्षभरात पहिल्यांदा, पोट धरून.

"मला ओवी मोजता येत नाही," डुबक्या ओशाळून म्हणाला. "पण असं घर कसं ओळखायचं, ते शिकवाल का?"

"मी शिकवीन!" शाल्मली म्हणाली. "आकडा वाढत नसेल तर थांबून विचारायचं, वाट बंद तर नाही ना? हा पहिला धडा. आणि दुसरा, सुपारी ओळखायची."

दिवेलागण झाली होती. आत भात शिजत होता. आबांनी ट्रंकेचं झाकण लावलं, सुपारी उचलली आणि अलगद हत्तीच्या घरात ठेवली. हत्ती त्यांनी मुठीत घट्ट धरला.

"उद्या माईची चाल," ते म्हणाले. "तिच्या वतीने कोण खेळणार?"

"मी," शाल्मली म्हणाली. "पण ओवी रचल्याशिवाय हात लावणार नाही."

रात्री झोपेपर्यंत ती 'माजघरी'ला जुळणारा शब्द शोधत होती.