संगणक उठत नाही

दुपारची झोप संपूनही संगणक उठला नाही, तेव्हा हिंदुराव थोरवतांनी आधी त्याला हाक मारली. मग झाकणावर थाप मारली. तरीही दिवा लागेना, तेव्हा त्यांनी लाथ घातली. पेटी खाटेच्या पायावर आपटली आणि खाट हादरली.

खाटेवर त्यांची बायको शालन डोळे उघडे ठेवून पडली होती. तिचं आता फक्त डोळ्यांवर चालत होतं. आजारानं एकेक स्नायू नेला होता. आधी हात गेले, मग पाय, मग जीभ, शेवटी छाती. गळ्याला भोक पाडून नळी बसवली होती. त्या नळीतून हवा किती सोडायची आणि केव्हा, हे खाटेशेजारचा संगणक ठरवायचा.

असे पेशीसंगणक आता बहुतेक घरांत आले होते. आत काचेच्या पाटीवर वाढवलेल्या चेतापेशी असत. त्या साखरमिठाच्या पाण्यावर जगत आणि जनावर माणसाळावं तशा घरातल्या गोष्टी हळूहळू शिकत. शिकलेलं पक्कं व्हायला त्यांना रोज दुपारी झोप लागे. तेवढ्यापुरता बॅटरीवरचा साधा पंप श्वास द्यायचा. झोप संपली की हिरवा दिवा लागे, संगणक पंपाकडून काम आपल्याकडे घेई, आणि शालन नजरेनं जी अक्षरं निवडेल ती जुळवून तिच्या वतीनं बोलू लागे.

आज पंप कुरकुरत होता. बॅटरी संपत आली होती.

"ऊठ! ऊठ म्हणतो ना!" हिंदुरावांनी पेटी दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवली. धरणाच्या वीजघरात त्यांचा जन्म गेला होता. अडकलेली झडप घणानं ठोकली की सुटते, हा त्यांचा अनुभव होता. यंत्राची कीव करणाऱ्याला ते हसत.

पंप बंद पडला.

शेजारच्या रत्नमालावहिनी आवाज ऐकून धावत आल्या, तेव्हा हिंदुराव नळीला रबरी पिशवी लावून ती हातानं दाबत होते. पिशवी सारखी निसटत होती.

"द्या इकडे, भाऊजी. तुम्ही फोन करा."

"केलाय. कराडहून दवाखान्याची गाडी निघालीय. पाटणच्या पुढं रस्ता खचलाय म्हणे, वळसा घालून येणार." त्यांनी भिंतीवर मूठ हाणली. "वळसा! इथं माणूस जातंय आणि हे वळसा घालतायत!"

वहिनी खाटेच्या कडेला बसल्या आणि पिशवी दाबू लागल्या. दाबायची, सोडायची. दाबायची, सोडायची.

धरणाच्या वसाहतीत त्या दिवशी संगणकाच्या कंपनीची दुरुस्ती अभियंता आलेली होती, म्हणून ती तरी लगेच आली. मेहरुन्निसा मुजावर तिचं नाव. जिना चढून धापा टाकतच ती आत शिरली. हातातला पेशींच्या पाण्याचा स्टीलचा डबा तिनं खाली ठेवला आणि पेटीवरचा पोचा पाहिला.

"कुणी मारलं याला?"

"मारलं काय? थाप दिली. टीव्हीला देत नव्हतो का आपण?"

"टीव्हीला लागत नव्हतं, काका."

तिनं झाकण उघडून मीटरची टोकं पाटीला लावली. काटा नाचू लागला. ती थोडा वेळ काट्याकडे बघत राहिली, मग खोलीकडे, मग हिंदुरावांकडे.

"पाटीला काही झालेलं नाही. पेशी जाग्या आहेत. पण त्यांना उठायचं नाहीये."

"म्हणजे?"

"झोपेतून उठताना त्या आधी आजूबाजूचा अंदाज घेतात. धोका वाटला तर गप्प पडून राहतात. एकदा पूर्ण जाग्या झाल्या की मग काही नाही. पण उठायच्या वेळी..."

"बाई, माझी बायको मरतीय आणि तुम्ही मला डब्याचे नखरे सांगताय?" हिंदुरावांनी तिची मानगूट धरली आणि तिचं तोंड पेटीजवळ दाबलं. "चालू कर! आत्ता, या क्षणी चालू कर!"

मेहरुन्निसाचं कपाळ झाकणाच्या कडेला लागलं. तिनं चाचपडत स्टीलचा डबा उचलला आणि मागे न बघता फिरवला. डबा हिंदुरावांच्या भुवईवर बसला. ते कपाटावर जाऊन आदळले. रक्त डोळ्यात उतरलं.

"बरं झालं!" वहिनी किंचाळल्या. "माझे हात अडकलेत, नाहीतर मीच घातला असता!"

मेहरुन्निसाच्या कपाळातून रक्त येत होतं. डबा अजून तिच्या हातातच होता. "बाहेर व्हा," ती म्हणाली.

"माझं घर आहे."

"ती जगायला हवी असेल तर बाहेर व्हा."

हिंदुराव शालनकडे बघत मागे सरकले आणि जिन्यात गेले. दार लागलं. ते दाराला कान लावून उभे राहिले. आतून पिशवीचा फसफस आवाज येत होता, आणि तो मंदावत चालला होता. वहिनींचे हात भरून आले असणार.

मग एक लांब, सरळ उसासा ऐकू आला. संगणक उठला की येतो तसा.

"लागला! दिवा लागला गं बाई!" वहिनींचा आवाज आला.

हिंदुराव दार ढकलून आत आले. रक्तानं माखलेल्या तोंडानं ते हसत होते. त्यांनी शालनच्या दिशेनं दोन पावलं टाकली आणि हिरवा दिवा विझला.

शालनची छाती थांबली. वहिनींनी शिवी हासडून पुन्हा पिशवी नळीला लावली.

"आवाज ओळखतं ते माझा," हिंदुराव पुटपुटले. "मारलं ना मी त्याला. माझ्यावर डूख धरलाय त्यानं. त्याचे कान तोडा!"

मेहरुन्निसानं वाद घातला नाही. ध्वनिग्राहकाची तार उपटली. भिंतीवरच्या कॅमेऱ्यावर टॉवेल टाकला. "आता त्याला ऐकू येत नाही, दिसत नाही. जा बाहेर. मी सांगितल्यावर या, अनवाणी."

पुन्हा दार लागलं आणि पुन्हा तो उसासा आला. तिनं हलक्या आवाजात बोलावलं तेव्हा हिंदुराव चपला काढून, श्वास रोखून, चोरासारखे उंबऱ्यावर आले. शालनची नजर दाराकडे वळली.

दिवा विझला.

"ह्याच्या मायला!" हिंदुरावांनी खाटेखालचा लोखंडी पाना ओढून डोक्यावर उचलला. "आंधळं केलं, बहिरं केलं, तरी याला कळतंच कसं मी आलो ते?"

"फोडा," मेहरुन्निसा म्हणाली. ती पेटीसमोरून हलली नाही. "मग गाडी येईपर्यंत वहिनींच्या हातावर ती जगली तर जगली."

पाना वरच राहिला. हिंदुरावांची नजर पेटीवरून फिरू लागली. एक तार तुटलेली लोंबत होती. कॅमेऱ्यावर टॉवेल होता. तिसरी तार मात्र शाबूत होती. ती पेटीतून निघून चादरीवरून जात होती आणि शालनच्या बोटाला लावलेल्या चिमट्याशी संपत होती. तिच्या नाडीची तार.

"तिच्याकडून?" हिंदुरावांनी विचारलं.

मेहरुन्निसानं मान हलवली. "रात्रंदिवस तो तिची नाडी ऐकतो. भीती कशाला म्हणायचं, हे तो तिच्याकडूनच शिकला."

"खोटं आहे! मी तिचं सगळं करतो. हगणंमुतणं करतो, केस विंचरतो. मी आयुष्यात तिला कधी बोट लावलं नाही! विचारा वहिनींना!"

वहिनी पिशवी दाबत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"तिला नाही लावलं, भाऊजी. ताटं फेकलीत. दोन पंखे तोडलेत. लेकीचं लग्न ठरलं त्या दिवशी आरसा फोडलात. आज दुपारी जेवताना हातातली वाटी तिच्या उशाशी आपटलीत, ती अक्षरं जुळवायला वेळ लावते म्हणून. मधली भिंत आमचीही आहे."

"ते राग आला म्हणून. तिच्यावर नव्हे."

"तिला काय माहीत, पुढची वाटी कुठं पडणार?"

पाना हिंदुरावांच्या हातून सुटला. तो फरशीवर पडला तेव्हा मीटरचा काटा टोकाला जाऊन थडकला. या वेळी हिंदुरावांनी काट्याकडे पाहिलं नाही, शालनकडे पाहिलं. तिचा चेहरा हलूच शकत नव्हता. इतकी वर्षं तो चेहरा त्यांना शांत वाटत आला होता.

"शालन," ते म्हणाले, "तू मला भितेस?"

तिनं डोळे मिटून घेतले.

"पाटी बदला," हिंदुराव मेहरुन्निसाला म्हणाले.  "पुण्याहून कोरी पाटी मागवा. काय लागेल ते देतो."

"मागवते. पण नवी पाटीसुद्धा याच बोटाकडून शिकणार, काका."

वहिनी रडू लागल्या. "कुणीतरी हात बदला गं. बोटं वळत नाहीत आता माझी."

हिंदुराव पुढे झाले, आणि थांबले. मेहरुन्निसानं पिशवी घेतली. ते तसेच मागे मागे गेले, उंबरा ओलांडला आणि दार स्वतःच ओढून घेतलं, कडीचा आवाज होणार नाही अशा बेतानं.

जिन्यात त्यांनी मूठ उगारली. समोर भिंत होती. आयुष्यभर अशा वेळी मूठ भिंतीवर पडायची. पण ही भिंत त्या खोलीचीच होती. हाणली असती तर हादरा खाटेपर्यंत गेला असता, खाटेतून बोटापर्यंत, बोटातून तारेत. मूठ हवेतच राहिली. खांदा भरून आला, भुवईतलं रक्त हनुवटीवरून शर्टावर ठिबकत राहिलं, तरी ती खाली घ्यायची कशी हे त्यांना कळेना.

आतून उसासा आला. मग दुसरा. मग एका लयीत येत राहिला. बराच वेळ झाला तरी थांबला नाही.

"पूर्ण उठला! कॅमेऱ्यावरचा टॉवेल काढते आता." मेहरुन्निसाचा दबका आवाज आला. पाठोपाठ संगणकाचा सपाट, सावकाश आवाज काहीतरी बोलला. म्हणजे शालन बोलली. हिंदुरावांना शब्द कळले नाहीत.

"काय म्हणाली?" त्यांनी फटीशी तोंड नेऊन, जेमतेम ऐकू जाईल असं विचारलं. "माझं नाव घेतलं का?"

 मग मेहरुन्निसाची पावलं दाराच्या पलीकडे येऊन थांबली.

"नाव नाही घेतलं, काका. त्या विचारतायत, दार आतून लावता येतं का. काय सांगू?"