दाराशी टेकवलेला झाडू

फिनलंडमधल्या कुओपिओ शहरातल्या एका ग्रंथालयात मी संगणक सांभाळते. भुताखेतांवर माझा विश्वास नाही.

आमच्या सर्व्हरवर एक आभासी गाव होतं. संगणकाला जोडलेला गॉगल डोळ्यांवर चढवला की माणूस थेट तळ्याकाठी. व्हिडिओ गेममधून आपण बाहेर पडलो की तिथलं सगळं थांबतं. हे गाव थांबत नसे. आत कुणी नसलं तरी तिथे बर्फ पडे, आणि एकाने हलवलेली खुर्ची सगळ्यांना हललेली दिसे. घरात कुणी नसलं की दाराला बाहेरून झाडू टेकवायचा, ही आमच्या खेड्यांतली रीत लोकांनी तिथेही नेली होती.

हळूहळू गाव ओस पडलं. शुक्रवारी दुपारी बारा वाजता ते बंद करायचं ठरलं. रोज येणारी एकटी हेल्वी उरली होती. वय अठ्ठ्याहत्तर. तिचा नवरा ओर्वो फेब्रुवारीत गेला. तिथलं त्याचं घर त्याने स्वतः बांधलं होतं, आणि तो गेल्यावर दाराला झाडू तिने लावला होता.

सोमवारी गॉगल काढत ती म्हणाली, "मिर्वा, झाडू तू काढलास?"

"नाही. तुम्हीच काढून विसरला असाल."

"विसरायला मी काय तुझ्या वयाची आहे?"

मी नोंदी पाहिल्या. तिच्याशिवाय कुणी आत गेलं नव्हतं, आणि तिने झाडूला हात लावला नव्हता. मी आत जाऊन तो पुन्हा टेकवला. मंगळवारी तो बाजूला भिंतीशी होता. बुधवारी धुराड्यातून धूर निघत होता. काहीतरी बिघाड असणार, असं मी स्वतःला बजावलं. पण दार ठोठावायचा धीर झाला नाही.

"त्याला सांगितल्याशिवाय बंद करू नकोस," गुरुवारी हेल्वी म्हणाली. "दवाखान्यात त्याचा जीव गेला तेव्हा मी बाजारात होते. बोलायचं राहूनच गेलं गं."

"मग उद्या बाराच्या आधी या," मी म्हणाले.

शुक्रवारी साडेअकराला ती आत गेली. बराच वेळ तिचे ओठ हलत होते. गॉगल काढला तेव्हा डोळे ओले होते, चेहरा मात्र शांत.

"सांगितलंत?"

"सांगितलं. म्हणाला, तुमच्याकडचा रस्ता बंद होतोय, एवढंच."

बाराला मी सर्व्हर बंद केला.

त्याचे पंखे थांबले.

गॉगलची वायर काढून मी गुंडाळली. त्यात बॅटरी नव्हती.

तरी त्यातून आवाज येत होता. ठक्. जरा थांबून, ठक्. कुणीतरी लाकडं फोडत होतं.

कोटाची बटणं लावत हेल्वी ऐकत राहिली.

"किती फोडतोय," ती म्हणाली. "एकट्याला एवढी कशाला लागतात?"