जेवणानंतरचा स्लॅब

सुरुची नागोठणेकरने पिशवीतून काँक्रीटचा गोळा काढला, मनोरमाबाईंच्या टेबलावर ठेवला आणि त्यात अंगठा दाबला. अंगठा आत गेला.

"चार दिवस झालेत," ती म्हणाली. "एव्हाना यावर हातोडा मारला तर हातोडाच उडायला हवा."

मनोरमा खेडेकर यांनी आयुष्याची बरीच वर्षं एका विमा कंपनीसाठी खोटे दावे पकडण्यात घालवली होती. आता नवघर रोडला, झेरॉक्सच्या दुकानाच्या वर, त्यांचं स्वतःचं तपासाचं ऑफिस होतं. सोबतीला त्यांचे दीर राघोभाऊजी. बेस्टमधून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, मनाचे सज्जन, फक्त निष्कर्ष काढण्याची भारी घाई.

"सिमेंटात भेसळ," भाऊजी म्हणाले.

"भाऊजी, तिकीट फाडायच्या आधी कुठे जायचंय ते तरी विचारा," मनोरमाबाई म्हणाल्या आणि सुरुचीकडे वळल्या. "सावकाश सांग."

सुरुची सावकाश सांगणाऱ्यांतली नव्हती, पण तिने सांगितलं ते नीट सांगितलं. बांधकामाची कंपनी तिच्या वडिलांनी, गुणवंत नागोठणेकरांनी काढलेली. दोन वर्षांपूर्वी त्यांना हार्ट अटॅक आला, तेव्हापासून इंजिनियर झालेली ही मुलगीच कारभार बघत होती. आता मुंबईच्या एका बड्या बिल्डरला कंपनी विकत हवी होती. धाकटे काका जितेंद्र यांनीच ते गिऱ्हाईक आणलं होतं. सुरुची भागीदार असल्यामुळे तिच्या सहीशिवाय विक्री होणार नव्हती, आणि ती सही करत नव्हती.

"शेवटी बाबांनी सगळ्यांसमोर शब्द दिला. काशीमीऱ्याच्या साईटचा पहिला स्लॅब तू तुझ्या हिमतीवर घालून दाखव, कंपनी तुझी. फसलीस तर सही करायची. मी कबूल झाले."

"सही कधी?"

"उद्या सकाळी ती माणसं घरी येतायत." तिने अंगठा रुमालाला पुसला. "माझी चूक असेल तर मी सही करेन, रडणार नाही. पण नसेल, तर ज्याने हे केलं त्याचं नाव मला आज हवंय."

मनोरमाबाईंनी चपला पायात सरकवल्या. त्यांना ही मुलगी आवडली होती.

---

साईट हायवेपासून आत, गॅरेजांच्या मागे होती. सुपरवायझर धर्माजी पालव त्यांना वर घेऊन गेले. अर्धा स्लॅब दगडासारखा कडक होता. त्यावर सिमेंटची छोटी आळी बांधून पाणी भरून ठेवलं होतं. उरलेल्या अर्ध्यात पाऊल रुतत होतं.

"हा कडक भाग सकाळचा, हा जेवणानंतरचा," धर्माजी म्हणाले. त्यांचा आवाज दुखावलेला होता. "तेच सिमेंट, तीच रेती, तीच खडी. माणसंही तीच. माझी अक्कल चालेनाशी झालीय, बाई."

"दुपारी बदललं काय?"

"काहीच नाही. सुट्टीत हौद रिकामा झाला होता, तो टँकरने भरला. बस."

"झालं," भाऊजी कुजबुजले. "टँकर वरसाव्याकडून आला असणार. खाडीचं खारं पाणी."

"खारं पाणी पुढे लोखंड खातं, भाऊजी. सिमेंटला चार दिवस ओलं नाही ठेवत." मनोरमाबाईंनी धर्माजींना विचारलं, "मुहूर्त वगैरे नीट झाला होता?"

"झाला की. मोठे शेठ कुठलाही स्लॅब पूजेशिवाय घालू देत नाहीत. स्वतः नारळ फोडतात, स्वतःच्या हाताने सगळ्यांना खोबरं-साखर वाटतात. तब्येत बरी नाही, तरी त्या दिवशी आले, साखरेची जड पिशवीही स्वतःच उचलून आणली. पूजा झाल्यावर वर जितूशेठ आणि मी होतो. आमचे डबेही वरच आले, संध्याकाळपर्यंत दोघंही खाली उतरलो नाही."

खाली पंपाच्या खोलीबाहेर वॉचमनची बायको गोदूबाई भाकऱ्या थापत होती. आत पाळण्यात बाळ झोपलं होतं, आणि चारेक वर्षांची मुलगी पिठाशी खेळत होती.

"इथेच राहता?" मनोरमाबाईंनी विचारलं.

"न्हाई बाई. आमचं बिऱ्हाड तिकडं, स्लॅबच्या खाली. पर स्लॅबच्या दिशी हापिसात झाडत व्हते, फोन वाजला. म्हनाले, म्याडमनी सांगितलंय, पोरं घेऊन पंपाच्या खोलीत जा, स्लॅबखाली कुनी झोपू नका."

"मी असं काही सांगितलं नव्हतं," सुरुची म्हणाली.

"कधी आला फोन?"

"जेवनं झाली, मशीन पुन्ना सुरू झाली, मंग. बाप्यामानूस व्हता. आवाज न्हाई वळखला. मागं कुकरची शिट्टी वाजत व्हती, येवढं ध्यानात हाय."

मनोरमाबाई मुलीपाशी बसल्या. "काय गं, त्या दिवशी प्रसाद मिळाला का?"

"नुसतं खोबरं," मुलगी फुरंगटून म्हणाली.

"साखरेसाठी दिसभर रडली बगा," गोदूबाई हसली.

परत जाताना मनोरमाबाई कोरड्या पडलेल्या हौदापाशी थांबल्या. हौदाच्या काठावरून काळ्या मुंग्यांची रांग आत उतरत होती. त्यांनी ती बराच वेळ पाहिली. भाऊजींना वाटलं, वहिनी दमल्या.

---

जितेंद्र नागोठणेकर साईटच्या केबिनमध्ये भेटले. ते उखडलेलेच होते.

"माझ्यावर संशय असेल तर सरळ विचारा. कंपनी विकायची आहे मला, लपवतो कशाला? दलालीही मिळणार आहे. पण स्लॅबवर मी घाम गाळलाय. जेवलोसुद्धा वर उन्हात. पाण्याचं विचारायचं तर दादाला विचारा, हौदाच्या बाजूला खुर्ची टाकून तोच बसला होता."

बाहेर पडताच भाऊजी म्हणाले, "वहिनी, हाच. एवढं चिडतो कोण?"

"ज्याला कोणी विचारत नाही, तोही चिडतो."

नवघरच्या घरी गुणवंतरावांनी स्वतः दार उघडलं. हॉलमध्ये स्वयंपाकघराच्या दाराशी फोन होता. आत स्वयंपाकाच्या बाई डाळ निवडत होत्या. गुणवंतराव थकलेले दिसत होते, पण बोलणं साईटवरच्या माणसाचं, मोजकं.

"टँकर आला तेव्हा मी तिथेच होतो. पाणी स्वच्छ होतं. तो गेल्यावर मीही घरी आलो, उशिरा जेवलो, झोपलो." मग ते मुलीकडे न बघता म्हणाले, "तिला सांगा, मनाला लावून घेऊ नकोस म्हणावं. स्लॅब कुणाचाही फसतो."

मनोरमाबाई म्हणाल्या, "जितेंद्रराव आणि धर्माजींना बोलावून घ्या. सगळ्यांसमोरच बोलते."

---

दिवेलागणीला सगळे हॉलमध्ये जमले. सुरुची उभीच राहिली.

"सकाळचा भाग कडक झाला," मनोरमाबाईंनी सुरुवात केली. "म्हणजे सिमेंट, रेती, खडी, मिसळण्याचं प्रमाण, सगळं बरोबर. सुरुचीची चूक नाही, हे इथेच संपलं. बदललं फक्त पाणी."

"मग टँकरवाला," भाऊजी म्हणाले.

"टँकरचं पाणी वाईट असतं तर हौदाला मुंग्या लागल्या नसत्या. मुंग्या खाऱ्याला लागत नाहीत, गोडाला लागतात. सिमेंटात पुरेशी साखर गेली की ते आळतच नाही. विम्याच्या कामात मी असा एक पूल पाहिलाय."

धर्माजींनी कपाळावर हात मारला.

"साईटवर एवढी साखर आणली कोणी? पूजेची पिशवी आली होती. पण गोदूबाईच्या मुलीला नुसतं खोबरं मिळालं. जिथे दर स्लॅबला खोबरं-साखर वाटतात, तिथे त्या दिवशी साखर वाटली गेली नाही. ती हौदात गेली."

जितेंद्र हळूच भावाकडे बघू लागले.

"आता फोन. स्लॅब आळणार नाही हे साखर टाकणाऱ्या माणसाखेरीज त्या दुपारी कोणालाच माहीत नव्हतं. पण एकाने फोन करून बायकापोरांना खालून हलवलं. मागे कुकर वाजत होता, म्हणजे फोन घरातून झाला. जितेंद्रराव आणि धर्माजी तेव्हा स्लॅबवर होते, आणि दोघंही खाली उतरलेच नव्हते. हौदाजवळ बसलेला आणि नंतर घरी गेलेला माणूस एकच आहे. वैऱ्याने हा फोन केला नसता, गुणवंतराव. तुमचा चांगुलपणाच तुम्हाला नडला."

गुणवंतरावांनी नाकारलं नाही.

"माझ्या टेबलावर लोक पिस्तूल ठेवून बोलायचे," ते म्हणाले. "त्या काळात, या धंद्यात. रात्र रात्र झोप नसायची. पोरीच्या टेबलावर ते मला बघायचं नव्हतं. साखर लागलीच तर म्हणून राखून ठेवली होती. वाटलं होतं, जमणार नाही तिला, गरजच पडणार नाही. पण सकाळी हौदाजवळ बसलो आणि तिचं काम बघितलं. माझ्यापेक्षा बरं करत होती. मग घाबरलो. सगळ्यांसमोर दिलेला शब्द मोडवेना, म्हणून स्लॅब मोडला."

सुरुचीचे डोळे भरून आले. तिने ते पुसले नाहीत.

"तुम्ही मला विचारायचं होतं, बाबा. भीती वाटते का म्हणून. वाटते. रोज वाटते. तरी मी रोज जाते. तुम्हीही जात होतात ना?"

गुणवंतरावांनी होकारार्थी मान हलवली.

"चार दिवस मी स्वतःला नालायक समजत होते. ते मी लवकर विसरणार नाही. सही होणार नाही. काका, त्या लोकांना फोन करून सांगा, उद्या येऊ नका." मग तिने डोळे पुसले. "धर्माजी, जेवणानंतरचा भाग उद्या पूर्ण तोडायचा. खालचे टेकू तसेच ठेवा. पुढच्या आठवड्यात पुन्हा भरू."

राघोभाऊजींनी, आयुष्यात बहुधा प्रथमच, कुठलाही निष्कर्ष काढला नाही.

गुणवंतरावांनी इतक्या वर्षांच्या सवयीने विचारलं, "धर्माजी, तोडायला किती माणसं लावणार?"

धर्माजी त्यांच्याकडे वळले नाहीत. ते सुरुचीच्या उत्तराची वाट बघत राहिले.

"दहा," ती म्हणाली. "अकरावे तुम्ही, बाबा. आठ वाजता या. उशीर झालेला मला चालत नाही."